श्रद्धा तपासायची आहे, घर सोडायचं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला समुपदेशनाचं काम करते. परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुलं-मुली येतात, नव्यानं नोकरीला लागलेले येतात, लग्न होऊन आलेल्या सुना येतात, कधी साठी ओलांडलेले मास्तरही येतात. बोलणं सुरू होतं झोप लागत नाही, चिडचिड होते इथून. बऱ्याच वेळानं खरं ते बाहेर पडतं: "मॅडम, माझा देवावरचा विश्वास उडायलाय, आणि त्याचीच भीती वाटायलीय." त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. देव आहे की नाही, याचा निकाल मी लावत नाही. माझं म्हणणं इतकंच, की श्रद्धा म्हणून आपण जे जपतो त्यात भीतीचा वाटा फार मोठा असतो. आधी ती भीती वेगळी काढली, की उरलेल्याचं काय करायचं ते ज्याचं त्याला नीट ठरवता येतं.

प्रश्न पडायला लागले म्हणजे मी नास्तिक झालो का?

नाही. आणि झालात तरी त्यात गुन्हा नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलंय. मानायचं स्वातंत्र्य त्यात आहे, तसं न मानायचंही आहे. नांदेडला प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर उघड नास्तिक होते आणि मराठवाड्यानं त्यांना गुरुजी म्हणून डोक्यावर घेतलं. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं तसं नसतं. त्यांना देव नकोसा झालेला नसतो, देवाच्या नावानं गळ्यात पडलेलं काहीतरी जड झालेलं असतं. पाटी कुठली लावायची याची घाई करू नका. वर्षभर पाटीविना राहिलात तरी चालतं.

घरचे म्हणतात, "शहरात गेला, मोबाइल बघून डोकं फिरलं." हे प्रश्न खरंच बाहेरून आलेत का?

या प्रश्नाला मी मुद्दाम वेळ देते, कारण हे ऐकून पोरं फार एकटी पडतात.

तेरला जाऊन या, गोरोबाकाकांच्या समाधीला. तिथली कथा कीर्तनात सगळ्यांनी ऐकलेली असते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणाल्या, यातली भाजलेली मडकी कुठली आणि कच्ची कुठली ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. नामदेव चिडले. काका म्हणाले, हे कच्चं. नामदेव म्हणजे नरसीचे, ज्यांच्याशी साक्षात पांडुरंग बोलतो अशी ख्याती होती ते. मग त्यांना विसोबा खेचरांकडे औंढा नागनाथला धाडण्यात आलं. तिथं पाहतात तर हा म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांनी हटकलं तेव्हा विसोबा म्हणाले, बाबा, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव.

ही कथा आपल्याच मातीतली आहे. तेर धाराशिव जिल्ह्यात, औंढा आणि नरसी हिंगोलीत. भक्तांच्या मेळ्यात भक्ताला कच्चं म्हणता येतं, आणि कच्चं म्हटल्यावर तो शिकायला जातो, ही रीत इथं सातशे वर्षांपासून आहे. आपेगावची चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापुढं उभी राहिली. त्याच पैठणात पुढं एकनाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढलं आणि गावाचा रोष पत्करला. या सगळ्यांनी प्रश्न विचारले म्हणून तर आज आपण त्यांच्या पालख्या उचलतो. घरी वाद झाला तर मोबाइलचं नाव काढू नका, गोरोबाकाकांचं काढा. आजोबा निदान ऐकून घेतील.

नवस बोललेला आहे. नाही फेडला तर काही होईल का?

होत नाही. मात्र हे मी सांगून तुमच्या पोटातली कालवाकालव थांबणार नाही, म्हणून नवस खरा का वाटतो ते समजून घ्या.

माणूस नवस बोलतो तो अगदी टोकाला गेल्यावर. ताप उतरत नाही, नोकरी लागत नाही, पाळणा हलत नाही. बरीचशी दुखणी आणि अडचणी टोकाला गेल्यावर आपसूक ओसरतात, आणि श्रेय शेवटी जे केलं त्याला जातं. जे नवस फळले नाहीत त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. तुळजापूरच्या पायऱ्यांवर फळलेल्या नवसाचीच माणसं भेटणार, बाकीची घरी बसलेली असतात.

फेडायचाच असेल तर ऐपतीत फेडा. कंदुरीसाठी बोकड, पाहुणे, मंडप, वाजंत्री करत व्याजानं पैसे काढलेली घरं मी पाहिली आहेत. देवीला नारळ आणि खण पुरतो हे आपल्याच आजीनं शंभरदा सांगितलेलं असतं. मोठं जेवण देवीसाठी नसतं, भावकीत नाक वर राहावं म्हणून असतं, आणि हे घरात मोठ्यानं बोललं गेलं की निम्मा खर्च जागेवर थांबतो. एका घरानं कंदुरीचे पैसे बाजूला काढून पोरीची वसतिगृहाची फी भरली आणि देवीपुढं जाऊन तसं सांगून आले. म्हातारीला फी भरण्यापेक्षा ते "सांगून येणं" महत्त्वाचं वाटलं. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

मी सोमवार सोडला आणि महिन्याभरात वडिलांचा अपघात झाला. आता सांगा.

आधी वडिलांची काळजी घ्या. ते बरे झाल्यावर एक काम करा. आजी-आजोबा, चुलते, मामा, आत्या, त्यांची लेकरं अशी सगळी मिळून तीस-चाळीस माणसं होतात. मागच्या तीन वर्षांत यातल्या कुणाकुणाचं काय दुखलं-खुपलं ते कागदावर लिहा. अपघात, ऑपरेशन, गर्भपात, बैल मेला, बोअर आटली, सगळं. असा एकही महिना सापडायचा नाही ज्यात काहीच झालं नाही. तुम्ही सोमवार कधीही सोडला असता तरी त्याच्या पुढंमागं काहीतरी घडलेलं दिसलंच असतं. तुम्ही सोमवार धरत होतात तेव्हाची संकटंही त्याच कागदावर आहेत, तीही वाचा.

आई म्हणेल, "तुझ्यापायी झालं." त्या क्षणी वाद घालू नका. ती घाबरलेली आहे. नंतर, दवाखान्यातून घरी आल्यावर, तिच्याजवळ बसून तो कागद वाचा.

मनात देवाबद्दल घाणेरडे विचार येतात. शिव्या येतात. मूर्तीसमोर उभं राहिलं की नको ते दिसतं. मी इतकी वाईट आहे का?

तुम्ही वाईट नाही. हा प्रश्न विचारायला लोकांना सगळ्यात जास्त धाडस लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नको असलेला विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो आणि जातो. काहींच्या बाबतीत तो अडकतो. जितका ढकलावा तितका जोरात परत येतो. मग तो धुऊन काढायला माणूस काहीतरी करतो: अकरा वेळा माफी, एकशे आठ वेळा जप, पुन्हा आंघोळ, पुन्हा हात धुणं. पोथीत एक शब्द अडखळला की पारायण पहिल्या ओवीपासून. दिवा लावताना मनात शब्द आला म्हणून वात काढून नवी. जरा वेळ बरं वाटतं आणि चक्र पुन्हा फिरतं. देवघरात पंधरा मिनिटांचं काम दोन-दोन तास चालतं. घरच्यांना कौतुक वाटतं की सूनबाई किती देवभोळी, आणि ती आतून पार पिळून निघालेली असते.

याला वैद्यकात ओसीडी म्हणतात. हा मेंदूचा ओळखीचा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. विचार सगळ्यात जपलेल्या जागेवरच हल्ला करतो. नव्या आईला बाळाला इजा करण्याचे विचार येतात, भाविकाला देवाच्या शिव्या. तुम्हाला देव प्रिय आहे म्हणूनच विचार तिथं येतो. उपचारात विचार येऊ द्यायला शिकवतात आणि त्यानंतरची माफी, जप, धुणं हळूहळू थांबवायला लावतात. सुरुवातीला जीव घाबरा होतो, पण भीती आपोआप उतरते हे अंगाला कळतं. गरज पडली तर औषधं देतात. त्यांचा पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नका. यासाठी शांत करणारी पूजा सांगणाऱ्याकडे गेलात तर चक्रात एक विधी वाढेल, आजार आहे तिथंच राहील.

माझा विश्वास नाही, तरी घटाला पाणी घालतो, गोंधळाला उभा राहतो. हे ढोंग आहे का?

संबळ वाजायला लागल्यावर अंगावर काटा येतो ना? मग ते ढोंग कसं? बहीण माहेरी येते, भाऊ पुण्याहून येतो, पुरणाचा वास सुटतो, दिवटी पेटते. कुळाचारात अशा पुष्कळ गोष्टी आहेत ज्यांना देवावरच्या विश्वासाची गरजच नाही. त्या ठेवा. तुमचं मन जिथं अडकतं तिथली एखादी गोष्ट वेगळी काढा. कुणाला बळी नको वाटतो, कुणाला बायकांना मागं बसवणं. तेवढ्यावर बोला. सगळंच मोडायला निघालं की घर एकवटून उभं राहतं. एकाच गोष्टीवर अडून बसलं, तर दोन नवरात्रांत ती बदललेली मी पाहिली आहे.

उपवास सोडू का?

तब्येत चांगली असेल आणि उपवासानं मन हलकं होत असेल तर का सोडता? फक्त दिवसभर साबुदाणा, वेफर्स आणि गोड चहा याला पोटाला आराम म्हणू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर, दाणे, दही, राजगिरा, फळं असं काही खा.

मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना नऊ दिवस कडक धरले तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. याला देवीचा झटका समजून अंगारा लावत बसू नका, लगेच साखर किंवा गूळ द्या आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. कोजागिरीला लातूर-सोलापूरकडून अनवाणी तुळजापूरला चालत जाणाऱ्यांमध्ये मधुमेहीही असतात. तळव्याची संवेदना गेलेली असते, काच लागलेली कळत नाही, आणि तीच जखम पुढं पाय घेऊन जाते. चालत जा, पण बूट घालून. आणि डॉक्टरांना आधी सांगून.

पाळीत देवघरात गेले तर पाप लागतं का?

नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीचा विटाळ नाकारला होता. नाकातून, डोळ्यांतून मळ वाहतो तसाच हा देहाचा एक स्राव, असा त्यांचा रोख होता. महानुभाव पंथाचं हे बोलणं मराठवाड्याला नवं नाही, आपण विसरलो एवढंच. तुम्हाला त्या दिवसांत निजायचं असेल तर निजा, त्यासाठी विटाळाचं कारण लागू नये. सासूबाईंचं मन राखायला देवघर चार दिवस टाळलंत तरी चालेल. पण गोठ्याशेजारी झोपवणं, वेगळं ताट, पाण्याच्या माठाला हात न लावू देणं हे सहन करू नका, आणि लेकीच्या वाट्याला तर येऊच देऊ नका.

वहिनीच्या अंगात येतं. घरात करणी, भानामती बोलतात. काय करावं?

अंगात येणं बहुतेक वेळा खोटं नसतं. हलगीचा ताल, धूप, उपवास, गर्दी यांनी मन एका वेगळ्या अवस्थेत जातं. आणि एरवी जिला घरात तोंड उघडायची सोय नाही, तिला त्या अवस्थेत सासऱ्यालाही एकेरीत बोलता येतं, लोक पाया पडतात. तिची टर उडवू नका, मारून झोडून "उतरवायला" तर मुळीच जाऊ नका. नंतर, एकटीला गाठून विचारा: बाई, तुला काय होतंय? माहेर तुटलंय का, मूल नाही म्हणून बोलतात का, नवरा पितो का? उत्तर मिळालं की पुढचं वारं येण्याआधीच बरंच काही करता येतं.

झटका आला आणि दातखीळ बसली, तोंडाला फेस, कपड्यात लघवी झाली, तर ती फिट असू शकते. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा कोंबू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सारा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन.

भानामतीचं नाव आपल्या भागात फार. पेटीतले कपडे जळतात, पत्र्यावर दगड पडतात, भाकरीत शेण निघतं, पोरीच्या अंगावर फुल्या उमटतात. फुल्यांचं घ्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की ती भाजते, आणि खूण लगेच न दिसता काही वेळानं उठते, म्हणून ती "आपोआप" उमटल्यासारखी वाटते. या प्रकारांमागं माणसाचा हात असतो. कित्येकदा तो घरातल्याच, कुणी लक्ष न दिलेल्या, कोंडी झालेल्या जिवाचा असतो. सापडल्यावर त्याला चौकात उभं करू नका, त्याला मदतीची गरज असते.

आणि करणी केली म्हणून कुणा बाईकडे बोट दाखवू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रानं उपचार करणं हेही त्यातच येतं. "आमच्या मारुतीच्या देवळात विष उतरतं" असं म्हणणाऱ्यांना सांगा, पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं देवळातही बरी होतात आणि बांधावरही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर मात्र सरकारी दवाखान्यातली लसच लागते.

हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे, असं ऐकलं.

चुकीचं ऐकलं. पूजा, वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्यानं स्पष्टपणे बाहेर ठेवलंय. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, आणि डिसेंबरात विधिमंडळानं तो मंजूर केला. ज्याला हा कायदा देवाविरुद्ध वाटतो त्यानं त्याची अनुसूची एकदा वाचावी. त्यातल्या एकाही कलमाला आपली आजी देवधर्म म्हणणार नाही.

वडील गेले. आईचं कुंकू पुसू द्यायचं नव्हतं, पण त्या दिवशी मला बोलताच आलं नाही.

त्या दिवशी कुणालाच येत नाही. भावकी गोळा झालेली असते, मोठ्या बायका आईला घेरून बसलेल्या असतात. तरी अजून वेळ गेलेली नाही. आईला विचारा, तिला काय हवंय. काहींना टिकली लावायची असते, काहींना खरंच लावावीशी वाटत नाही, दोन्ही मान्य करा. तिला लावायची असेल तर पहिल्यांदा घरातल्याच कुणीतरी, लेकीनं किंवा सुनेनं, आपल्या हातानं लावावी. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा आणि वाण तिच्या हातात द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्याच वाटेनं जायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय कुणीही मांडू शकतं. दुःख नसलेल्या दिवशी मांडा.

दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून तासन्‌तास रडत बसलेली घरं असतात. "काय राहिलं असेल, काय इच्छा असेल" हा घोर पोरांना वर्षानुवर्षं पुरतो. नदीकाठची झाडं तुटली, कावळे कमी झाले, एवढं साधं कारण असतं. वडिलांची खरी राहिलेली इच्छा तुम्हाला आधीच ठाऊक असते: धाकट्याचं शिक्षण, विहिरीचं काम. ती लिहून ठेवा.

सप्ताहाची वर्गणी द्यायची का? वीणा धरायची का?

वर्गणी द्या, पंगतीत वाढा. गावातल्या गावात राहून सप्त्यापासून फटकून राहिलं की माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणा तब्येतीला वाईट. शिवाय पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, टाळावर सगळ्यांचा एक श्वास, यात सुख आहे, ते भ्रम नव्हे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या एका अभ्यासात ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि रक्तदाबाचं नियमन सुधारतं असं दिसलं होतं. आपला हरिपाठही लयीतच चालतो. कीर्तनकार बायकांविरुद्ध किंवा दुसऱ्या जातीधर्माविरुद्ध बोलायला लागला तर उठून जा, आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांना का उठलो ते सांगा. वर्गणी देणाऱ्याचं ऐकतात.

आम्ही बौद्ध आहोत. घरात वंदना होते, पण आजी अजून लक्ष्मीआईला जाते. आणि माझा मुस्लिम मित्रही असेच प्रश्न विचारतो.

आजीला बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवून दोषी ठरवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर एका पिढीनं देव्हारे नदीत सोडले, तेही किती अवघड होतं ते तिला विचारा. लक्ष्मीआईशी तिचं नातं लेकरं जगवण्याच्या काळातलं आहे. मित्राचं म्हणाल तर दर्गा, ताईत, मन्नत यांबद्दलचे प्रश्न त्याच्या घरात त्याच्याच भाषेत विचारले जातात, ते त्यालाच विचारू द्या. तुम्ही फक्त सोबत बसा. दुसऱ्याच्या धर्मातल्या खुळचटपणावर बोलणं सगळ्यात सोपं असतं, आणि त्यानं आपली एकही भीती कमी होत नाही.

एका महाराजांचा अनुग्रह घेतला होता. आता सोडायचंय, पण "गुरूचा कोप" म्हणतात.

जो सोडून जाणाऱ्याला शाप देतो त्याच्याकडून मिळण्यासारखं काही उरलेलं नाही. हळूच जाणं कमी करा, भांडण नको. पैसे किंवा जमीन दिली असेल तर कागदपत्रं घेऊन वकिलाला भेटा. अंगाला हात लावला असेल तर पोलिसांत जा, आणि जाताना एकट्या जाऊ नका.

सगळं सोडल्यावर पोकळी वाटते. संध्याकाळ खायला उठते.

हे होणारच होतं. दिवेलागणीला शुभं करोति, गुरुवारी आरती, वर्षाला यात्रा. अख्ख्या दिवसाचं आणि वर्षाचं वेळापत्रक देवाधर्मानं बांधलेलं असतं. विश्वास गेला की वेळापत्रकही जातं, आणि माणूस मोबाइलच्या तोंडी पडतो. त्या वेळा मोकळ्या ठेवू नका. दिवेलागणीला दिवा लावा, हवा तर देवाविना, आणि पाच मिनिटं गप्प बसा. यात्रेच्या दिवसांत चालायला जा. कुणाला तरी रोज भेटा. रक्तदान, शाळेतल्या पोरांना गणित, गावच्या ओढ्याचं काम, जे जमेल ते. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, आधी गाव झाडलं आणि मग रात्री कीर्तन केलं. तो क्रम मला अजूनही उपयोगी वाटतो.

मुलांना काय सांगायचं?

"देव शिक्षा करील" हे वाक्य घरातून काढून टाका. बाकी गोष्टी सांगा, देवळात न्या, दर्ग्यात न्या, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर वाढायला न्या, वेरूळला नेऊन एकाच डोंगरातली बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी दाखवा. मुलं विचारतील, खरं कुठलं? "तुला काय वाटतं?" असं विचारून थांबा.

गावानं वाळीत टाकलं तर?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पण शक्य असेल तर त्याआधी गावातला एक जाणता माणूस आपल्या बाजूनं उभा करा, कायद्याइतकाच त्याचा उपयोग होतो.

मदत कुठं मिळेल?

सरकारी टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. संभाजीनगरला घाटी, तसंच अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयातही विचारा. तिथं गेलात म्हणून कुणी तुम्हाला वेडं ठरवत नाही आणि देवाधर्माबद्दल काय वाटतं याचा जाबही विचारत नाही. ते सगळं पहिल्याच भेटीत सांगायला हवं असंही नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, आणि मरणाचे विचार येतात का, एवढं मात्र आधी सांगा.